आधी हवा, मग गारवा

स्प्लिट एसी खोलीत बाहेरची हवा आणत नाही. हे पुन्हा एकदा वाचा, कारण चारचौघांत विचारलं तर बहुतेकांची समजूत उलटी असते. भिंतीबाहेर टांगलेलं युनिट ताजी हवा खेचतं आणि ती गार होऊन आत येते, असं आपण सर्रास धरून चालतो. प्रत्यक्षात आतल्या आणि बाहेरच्या युनिटला जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून फक्त गॅस फिरतो. आतलं युनिट खोलीतलीच हवा ओढतं, गार करतं आणि परत खोलीत सोडतं. रात्री दहाला दारं-खिडक्या लावून झोपलेलं कुटुंब सकाळी सहाला उठतं, तोवर आठ तास एकमेकांनी सोडलेला श्वास घेत असतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण 420 भाग असतो. दोघं झोपलेल्या बंद बेडरूममध्ये तो 2000च्या पुढे सहज जातो. सकाळी डोकं जड का झालं याचं खापर आपण रात्रीच्या जेवणावर फोडतो.

गारवा वेगळा, हवा वेगळी. या दोहोंची गल्लत आपण केली आणि बांधकाम व्यवसायाने तिचा पुरेपूर फायदा उठवला. ग्राहक एसी लावणारच आहे, मग हवेचा विचार नकाशात कशाला करायचा? खिडक्या एका बाजूला, दार तिसऱ्याच कोपऱ्यात, स्वयंपाकघर आणि संडास डक्टवर उघडणारे. या घराला श्वास कुठून मिळणार, हा प्रश्न सॅम्पल फ्लॅटमध्ये कुणी विचारत नाही, कारण तिथे एसी आधीच लावून ठेवलेला असतो.

या गल्लतीवरचा उतारा आपल्या माळांवर उभा आहे. नागपंचमीला आपण वारुळाला हळद-कुंकू वाहतो, लाह्या ठेवतो, पण ते घर नागाचं नसतं. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण अनुभवातून आली आहे. बांधणारी असते वाळवी. काही मिलिमीटर लांबीचे आंधळे कामकरी किडे माती आणि लाळ एवढ्यावर माणसाच्या उंचीचं बांधकाम उभं करतात, आणि त्या उंच भागात राहत नाहीत! वस्ती असते जमिनीखाली. तिथे ते बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळापाशी उगवणारी, लोक पहाटे उठून शोधतात ती अळंबी याच शेतीची. लाखांच्या घरातले किडे आणि ही बुरशी, दोघांनाही जमिनीखाली श्वास हवा. वरचा सगळा डोलारा त्यासाठी आहे.

हा डोलारा नेमका चालतो कसा, यावर शास्त्रज्ञ साठ वर्षं झगडत आहेत, आणि त्या झगड्यात आपल्या कामाचं बरंच काही आहे. 1961 साली स्विस कीटकशास्त्रज्ञ मार्टिन ल्यूशर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लेख लिहिला. त्याचं शीर्षकच वाळवीच्या वातानुकूलित घरट्यांबद्दल होतं. त्यांचं म्हणणं असं, की वस्तीच्या उष्णतेने तापलेली हवा मधल्या पोकळीतून वर चढते, बाहेरच्या भिंतीलगतच्या नळ्यांतून निवत खाली येते आणि या फेऱ्यामुळे आतलं तापमान स्थिर राहतं. कल्पना सुबक होती. ती जगभर पसरली आणि झिम्बाब्वेची राजधानी हरारे इथे एका वास्तुरचनाकाराच्या कामी आली.

मिक पिअर्स हे त्यांचं नाव. ओल्ड म्युच्युअल या कंपनीला दुकानं आणि कार्यालयांची मोठी इमारत हवी होती, पण एसीची यंत्रणा नको होती. यंत्रं परदेशातून आणायची, सुटे भाग परदेशातून आणायचे आणि वीज बिल जन्मभर भरायचं, हा खर्च टाळायचा होता. पिअर्स आणि अरुप या कंपनीचे अभियंते यांनी मिळून बांधलेलं ईस्टगेट सेंटर 1996 साली उघडलं. शेजारी शेजारी दोन नऊमजली इमारती आणि मधोमध वर काचेचं छत असलेला लांबलचक चौक. पंखे या चौकातली हवा ओढून इमारतीच्या कण्यातल्या उभ्या पोकळ्यांत ढकलतात. तिथून ती प्रत्येक मजल्याच्या पोकळ जमिनीत शिरते. या पोकळीतलं काँक्रीट मुद्दाम दातेरी ठेवलं आहे, म्हणजे हवेला स्पर्श करायला जास्त पृष्ठभाग मिळतो. मग हवा खिडकीखालच्या जाळीतून खोलीत येते, माणसांच्या आणि दिव्यांच्या उष्णतेने गरम होते, छताकडे चढते आणि छतावरच्या विटांच्या 48 धुराड्यांतून बाहेर पडते.

खरी करामत रात्री होते. ऑफिसं रिकामी झाली की मोठे पंखे सुरू होतात आणि इमारतीतली सगळी हवा तासाला दहा वेळा बदलतात. बाहेरच्या गार हवेने काँक्रीट थंड होत जातं. दिवसा छोटे पंखे तासाला दोनदा हवा बदलतात आणि काँक्रीटने रात्रभर साठवलेला गारवा खोल्यांना हळूहळू मिळतो. बाहेरच्या भिंतीवर थेट ऊन पडू द्यायचं नाही आणि उन्हाच्या बाजूच्या भिंतीत काच एक चतुर्थांशाहून जास्त ठेवायची नाही, हे नियमही पाळले. काचेचे डबे बांधून मग त्यांना थंड करायला मेगावॅट ओतणाऱ्या आपल्या आयटी पार्कांनी यातला दुसरा नियम भिंतीवर लिहून लावावा.

या इमारतीने 90 टक्के वीज वाचते, असा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. पिअर्स यांनी स्वतः दिलेला आकडा आहे 35 टक्के. हरारेतल्या पूर्ण वातानुकूलित सहा इमारतींच्या सरासरीपेक्षा ईस्टगेट एवढी कमी ऊर्जा वापरते. शिवाय एसीची यंत्रणा टाळल्याने बांधकामाच्या एकूण खर्चातले 10 टक्के पहिल्याच दिवशी वाचले. 90पेक्षा हा 35 मला कितीतरी मोलाचा वाटतो. बढाई मारलेला आकडा कुणाच्या कामाचा नसतो. पस्तीस टक्क्यांवर कुठलीही नगरपालिका उद्या सकाळी आपला हिशेब मांडू शकते.

पुढे ल्यूशर यांचं म्हणणं चुकीचं निघालं. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ स्कॉट टर्नर आणि ब्रिटिश अभियंते रुपर्ट सोअर यांनी नामिबियातल्या वारुळांत मोजमापं केली आणि 2008 साली मांडलं, की आतल्या वस्तीचं तापमान वर्षभर आजूबाजूच्या जमिनीबरोबरच वर-खाली होतं. वारूळ ते स्थिर ठेवत नाही. वारूळ हे फुप्फुस आहे. आतली वापरलेली हवा बाहेर आणि बाहेरची आत, हे त्याचं काम. गारव्याची जबाबदारी जमिनीची, श्वासाची जबाबदारी वारुळाची.

म्हणजे पिअर्स यांनी चुकीच्या समजुतीवर बरोबर इमारत बांधली. ती चालते, कारण हरारे पठारावर दीड हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, दिवस-रात्रीच्या तापमानात तिथे मोठी तफावत पडते आणि काँक्रीट ती तफावत पकडून ठेवतं. वास्तुरचनाकाराने किड्याची नक्कल केली की नाही, हा वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. त्याने आपलं हवामान नीट वाचलं. आपल्याकडे नेमकी याचीच वानवा आहे.

आता आपल्याकडच्या वाळवीकडे येऊ. 2015 साली हंटर किंग, सॅम्युएल ओको आणि एल. महादेवन यांनी दक्षिण भारतातल्या वारुळांच्या आत शिरणाऱ्या-फिरणाऱ्या हवेचा वेग प्रत्यक्ष मोजला. ही ओडोंटोटर्मिस ओबेसस नावाची वाळवी महाराष्ट्रातही आढळते. तिच्या वारुळाला बाहेरून उभ्या, फुगीर कडा असतात आणि पोटात एक जाड, खोल धुराडं. दिवसा उन्हाने बाहेरच्या पातळ कडा लवकर तापतात. त्यांतली हवा वर चढते आणि मधल्या धुराड्यातून खाली उतरते. सूर्य मावळला की कडा आधी निवतात, मध्यभाग मात्र ऊब धरून असतो. मग हवेचा फेरा उलटा फिरतो, मधून वर आणि कडांतून खाली. वर एकही उघडं भोक नसतं. भिंतच सच्छिद्र असते आणि तिच्यातून वायूंची देवघेव होते. ऊन आणि रात्र यांच्या रोजच्या ये-जेवर चालणारा हा भाता आहे. ना मोटर, ना बिल, ना वार्षिक देखभालीचा करार.

‘निसर्गातून प्रेरणा’ हे शब्द हल्ली प्रत्येक प्रकल्पाच्या ब्रोशरमध्ये असतात. पानाच्या आकाराचा दर्शनी भाग, मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, लॉबीत वेलींची भिंत. आत पाहावं तर शेवटच्या कोपऱ्यातल्या फ्लॅटला एकाच बाजूला खिडकी. ही फसवणूक आहे आणि तिला त्याच नावाने हाक मारली पाहिजे. वारुळाचा आकार उचलून भिंतीवर चिकटवला म्हणजे वारुळाकडून काही घेतलं असं होत नाही. घ्यायची आहे ती कृती: आत आणि बाहेर यांत तापमानाचा फरक कुठे पडतो ते शोधायचं, हवेला चढायला एक वाट द्यायची, उतरायला दुसरी द्यायची आणि मध्ये अडथळा ठेवायचा नाही.

आणि हे आपल्याला येत नव्हतं असं नाही. वाड्याचा चौक हेच करायचा. चौकातली हवा रात्री निवायची, दिवसा वरच्या मजल्यावरच्या गरम हवेच्या जागी खालची गार हवा ओढली जायची. माळवदाच्या घराच्या जाड मातीच्या भिंती हेच करायच्या आणि छतातला झरोका धूर आणि गरम हवा बाहेर सोडायचा. कोकणातल्या कौलांच्या फटींतून हवा सतत झिरपायची. मुंबईच्या चाळीत पुढे गॅलरी, मागे खिडकी आणि दारावर जाळीचा व्हेंटिलेटर. हा व्हेंटिलेटर गेल्याचं मला सगळ्यात जास्त दुःख आहे. गरम हवा छताला जाऊन साठते हे शाळेतल्या मुलाला ठाऊक असतं, आणि आपण छताजवळचं तिचं एकमेव दार विटांनी बुजवून टाकलं. का? तर फॉल्स सीलिंग नीट बसत नाही.

जुनं ते सोनं असा गळा मी काढत नाही. जुन्या वाड्यांत काळोख्या खोल्याही होत्या आणि त्यांत बायकांचे जन्म गेले. पण तत्त्व टाकून देण्याचं कारण नव्हतं.

हवामान मात्र गावोगावी वेगळं, हे विसरून चालणार नाही. पुणं साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर, हरारे जवळपास तेवढंच दक्षिणेला. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी 38 आणि पहाटे 20-21 हा नेहमीचा अनुभव आहे. नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर, सगळ्या पठारी पट्ट्यात कमी-अधिक फरकाने हेच. दिवस-रात्रीत पंधरा-सतरा अंशांची तफावत म्हणजे फुकटची संपत्ती आहे. जाड भिंत, पोकळ जमीन, रात्री हवा ओढणारा पंखा आणि वर एक धुराडं, एवढ्यावर इथली शाळा, तहसील कार्यालय, ग्रंथालय, सरकारी दवाखाना मे महिन्याचे काही दिवस सोडले तर एसीशिवाय चालू शकतात. इथे काचेची इमारत बांधणं म्हणजे ही संपत्ती नाल्यात ओतणं.

विदर्भाने तर वेगळा धडा दिला आहे. खिडकीत लावलेला कूलर बाहेरची हवा ओल्या वाळ्याच्या पडद्यांतून आत ढकलतो आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवलं तरच नीट चालतो. म्हणजे गारवा आणि ताजी हवा एकत्र. अहमदाबादच्या टोरेंट रिसर्च सेंटरमध्ये हेच तत्त्व अख्ख्या इमारतीला लावलं आहे. निमिष पटेल आणि पारुल झवेरी यांच्या ‘अभिक्रम’ने 1990च्या दशकात या औषध संशोधन केंद्राची रचना केली. उंच मनोऱ्यांच्या तोंडाशी पाण्याचे बारीक तुषार सोडतात. त्यांनी निवलेली हवा जड होऊन आपोआप खाली उतरते, प्रयोगशाळांत फिरते आणि बाहेरच्या कडेच्या मनोऱ्यांतून निघून जाते. पावसाळ्यात हवा दमट झाली की तुषार बंद आणि पंखे सुरू. औषधांची प्रयोगशाळा हे करू शकते, तर नागपूर-अकोल्याच्या सरकारी इमारतींना काय अडचण आहे?

मुंबईत मात्र यातलं काही जसंच्या तसं चालणार नाही. मे महिन्यात तिथे दुपारी 34 आणि पहाटे 27, त्यात दमटपणा. रात्री साठवायला गारवाच नसतो. मुंबईला लागतो वारा, अंगावरून जाणारा, घाम सुकवणारा. त्यासाठी घर आरपार हवं. चार्ल्स कोरिया यांनी 1983 साली पूर्ण झालेल्या कांचनजंगा या इमारतीत प्रत्येक घर पूर्व-पश्चिम आरपार नेलं आणि ऊन-पावसाला अडवायला खोल गच्च्या दिल्या. ते श्रीमंतांचं घर होतं, खरं आहे. पण त्याच दशकात बेलापूरला त्यांनीच छोट्या चौकांभोवती बैठी घरं बांधली आणि प्रत्येक घराला आपली स्वतःची, आभाळाला उघडी जागा दिली. बुद्धी तीच, पैसा कमी.

आता टेप घ्या आणि हॉलची खिडकी मोजा. पाच फूट रुंद, चार फूट उंच, म्हणजे वीस चौरस फूट. पण ती दोन काचांची स्लायडिंग आहे. एक काच दुसरीवर सरकते, त्यामुळे उघडतात जास्तीत जास्त दहा चौरस फूट. बाकी अर्धी खिडकी फक्त बघायला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 2018 साली आणलेल्या इको-निवास संहितेने हे बरोबर हेरलं आहे. ती खिडकीचं माप विचारत नाही, उघडणारा भाग विचारते. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात हा भाग कार्पेट एरियाच्या किमान 16.66 टक्के हवा, म्हणजे 400 चौरस फुटांच्या घराला सुमारे 67 चौरस फूट. दोन स्लायडिंग खिडक्या, स्वयंपाकघराची एक आणि संडासाच्या काचेच्या पट्ट्या, यांची बेरीज करा. बाल्कनीचं दार नसेल तर बहुतेक वनबीएचके निम्म्यातच गारद होतात.

हा सगळा प्रश्न ज्यांना एसी परवडतो त्यांचा, असं कुणी म्हणेल तर त्याला गोवंडीला न्यावं. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी घरांतला उजेड आणि वारा क्षयरोगाच्या प्रमाणाशी ताडून पाहिला. पहिल्या दोन वसाहतींत इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर. घर 225 चौरस फुटांचं. खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लागतो. ज्या वसाहतीत उजेड-वारा बरा, तिथे क्षयरोग कमी. जिथे कोंडी, तिथे जास्त. झोपडपट्टीतून माणसं पक्क्या घरात नेली आणि त्यांची हवा काढून घेतली. हे नकाशे कुणीतरी काढले, कुणीतरी त्यांवर सही-शिक्का केला. एफएसआयच्या प्रत्येक चौरस फुटासाठी भांडणारं सरकार तीन मीटरच्या बोळावर गप्प बसलं. याला चूक म्हणायला माझी जीभ धजत नाही. तो अपराध आहे.

खिडकी उघडली की डास येतात, धूळ येते, हॉर्न ऐकू येतात, चोराची भीती असते. सगळं खरं आहे. ईस्टगेटच्या खिडक्याही रस्त्याच्या गोंगाटामुळे बंदच ठेवल्या आणि हवा पोकळ्यांतून आणली. जाळी, लोखंडी गज, पावसाचं पाणी अडवणाऱ्या तिरप्या पट्ट्या, गाळणी लावलेला छोटा पंखा, यांतलं काहीच महागडं नाही. थंडीत मुंबईची हवा बिघडते त्या दिवसांत खिडकी लावून गाळलेली हवा पंख्याने आत घ्यावी लागेल, तीही सोय नकाशातच हवी. आणि एसी घरात असेल तर वापरा, उन्हाळा जीवघेणा होत चालला आहे. फक्त झोपण्यापूर्वी घर आरपार उघडून हवा बदला आणि रात्री एखादी झडप किलकिली ठेवा.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली, करोनाच्या ऐन काळात, माणशी सेकंदाला दहा लिटर ताजी हवा हे किमान माप सांगितलं होतं. चाळीस मुलांच्या वर्गाला सेकंदाला चारशे लिटर. मुखपट्ट्या सुटल्या तशी ही गोष्टही आपण विसरलो. पालकांनी शाळेत स्मार्ट बोर्ड कधी लागणार हे विचारण्याआधी वर्गाच्या समोरासमोरच्या खिडक्या उघडतात का, हे विचारावं.

घर बघायला जाल तेव्हा पेटीतली एक उदबत्ती बरोबर न्या. हॉलच्या खिडकीपाशी लावा, घराचं दार आणि आतल्या खिडक्या उघडा आणि धूर कुठे जातो ते पाहा. आरपार गेला तर घर श्वास घेतं. खोलीतच घुटमळला तर बिल्डरला तिथेच, विक्रीच्या माणसांसमोर, कारण विचारा आणि भावात घासाघीस करा. महापालिका आणि नगरपालिकांकडे मागणी एकच आहे. प्रत्येक नकाशावर उघडणाऱ्या खिडक्यांचं एकूण क्षेत्रफळ आणि हवेची आत येण्याची व बाहेर जाण्याची वाट ठळक दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नका, आणि पुनर्वसनाच्या इमारतींना यातून एका इंचाचीही सवलत देऊ नका.